धडधाकटांची वर्गणी

प्रिय बये,

पत्राला उशीर झाला, पण यावेळी कारण खरं आहे. इथे कॅलिफोर्नियात आमच्या विद्यापीठात सार्वमत चालू आहे आणि मी त्यात उगाचच गुंतले आहे. उमेदवार नाहीत, पक्ष नाहीत, प्रश्न एकच: विद्यार्थ्यांच्या दवाखान्यासाठी घेतलं जाणारं शुल्क वाढवायचं की नाही? मतदान ऑनलाइन, शुक्रवार संध्याकाळपर्यंत. कॉफीच्या रांगेत, ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर, माझ्या ट्युटोरियलच्या वर्गातसुद्धा हाच विषय. 'फी वाढवू का?' असं विद्यार्थ्यांनाच विचारतात हे ऐकून तू आधी खो खो हसशील आणि मग म्हणशील, 'नाहीच म्हणणार की सगळे!' तसं होत नाही गं. पुष्कळदा 'हो'सुद्धा म्हणतात. का म्हणतात, आणि म्हणावं का, यावरच हे पत्र.

आधी तुला बिल वाचून दाखवते. क्वार्टर सुरू व्हायच्या आधी पोर्टलवर येतं ते. सगळ्यात वर ट्यूशन, आकडा बघून छातीत धस्स होईल असा. त्याखाली स्टुडंट सर्व्हिसेस फी. मग एकेक बारीक ओळ: स्टुडंट युनियनच्या इमारतीची, व्यायामशाळेची, बसची, विद्यार्थी संघटनेची, दवाखान्याची. शेवटी आरोग्यविमा. तुमच्या कॉलेजच्या पावतीवर जिमखाना, अश्वमेध, ई-सुविधा, विद्यार्थी कल्याण अशी रांग असते ना, तशीच. मी टीचिंग असिस्टंट असल्यामुळे ट्यूशन आणि विम्याचा हप्ता विद्यापीठ भरतं, पण मधल्या बारीक ओळी बहुतेक माझ्याच पगारातून जातात. आणि पगार किती, ते तुला ठाऊक आहेच. २०२२ च्या नोव्हेंबरात कॅलिफोर्निया विद्यापीठातले आमच्यासारखे ४८,००० शिकवणारे आणि संशोधन करणारे लोक संपावर गेले, ते काही हौस म्हणून नव्हे.

आता एक गोष्ट नीट समजून घे, नाहीतर पुढचं सगळं गोंधळाचं होईल. विमा वेगळा आणि दवाखान्याचं शुल्क वेगळं. दुसरीकडचा चांगला विमा असेल तर विद्यापीठाच्या विम्यातून सूट मिळते. २०१० च्या कायद्यामुळे इथली मुलं वयाच्या २६ व्या वर्षापर्यंत आईबापांच्या विम्यावर राहू शकतात, त्यामुळे घरचं बरं असलेली पुष्कळ मुलं ती सूट घेतात. दवाखान्याच्या शुल्कातून सूट नाही. आजारी पडा, न पडा, दवाखान्याचा रस्तासुद्धा माहीत नसू दे, ओळ बिलावर येणारच. गणपतीच्या वर्गणीसारखं आहे हे. दर्शनाला आलात का, हे कुणी विचारत नाही, आपल्या आळीत राहता ना, मग पावती फाडा.

मलाही पहिल्या वर्षी वाटलं होतं की आपण कशाला जातोय तिथे. पण वर्ग सुरू होऊन आठवडा व्हायच्या आत मेल आला: लसीकरणाचा पुरावा द्या, आणि तुम्ही ज्या देशातून आलात तिथे क्षयरोग जास्त आहे, म्हणून तपासणीही करून घ्या. गेले. रांगेत सगळे आपल्याकडचेच लोक, म्हणजे भारत, व्हिएतनाम, फिलिपीन्स, नायजेरिया. नर्सनं बाही वर करायला सांगितली आणि डाव्या दंडावरचा वण बघून ती लगेच म्हणाली, 'बीसीजी?' आपल्या पिढीत तो वण नसलेलं माणूस शोधावं लागेल, पण तिला तो परका वाटला नाही याचं मला अप्रूप वाटलं. तिनं समजावून सांगितलं की बीसीजी घेतलेल्याच्या हातावर कातडीत टोचून करायची चाचणी चुकीचा इशारा देऊ शकते, म्हणून रक्ताची चाचणी करायची. एक नळी रक्त, वर कापसाचा बोळा आणि हसऱ्या चेहऱ्याची चिकटपट्टी. काही दिवसांनी पोर्टलवर निकाल आला, निगेटिव्ह. खिशातून एक डॉलर गेला नाही.

तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलंय की हा दवाखाना फक्त आजाऱ्यांचा नाही. तीनशे मुलांच्या व्याख्यानाच्या हॉलमध्ये एकाला क्षय असेल आणि तो वेळेवर सापडला, तर फायदा त्या एकाचा जितका, तितकाच त्याच्या शेजारी बसणाऱ्या धडधाकट पोराचा. आणि त्या पोराला हे कधीच कळणार नाही, कारण त्याला काही झालंच नाही! अशा कामाला मतं मागणं म्हणून अवघड असतं. न आलेली साथ दाखवणार कशी?

कॉलेजनं पोरांच्या आरोग्याकडे बघायची ही पद्धत जुनी आहे बरं का. अ‍ॅमहर्स्ट कॉलेजनं १८६१ साली आरोग्यशास्त्र आणि व्यायामासाठी एक डॉक्टर प्राध्यापक नेमले, एडवर्ड हिचकॉक. पुढे पन्नास वर्षं ते पोरांची उंची, वजन, छाती मोजत राहिले. (एफवायच्या वर्गात आपली ती रांग लावून झालेली वैद्यकीय तपासणी आठव. उंची, वजन, डोळे, 'जीभ दाखव' आणि 'पुढचा'. त्या रांगेचे पणजोबा हे.) बर्कलीच्या विद्यापीठात १९०६ साली, सॅन फ्रान्सिस्कोत मोठा भूकंप झाला त्याच वर्षी, विद्यार्थ्यांसाठी दवाखाना सुरू झाला. आधी ठरावीक पैसे भरायचे आणि मग आजारी पडलं की उपचार मिळायचे. पुढे १९३० मध्ये तिथे कॉवेल नावाचं चांगलं इस्पितळच उभं राहिलं.

त्या इस्पितळाची एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. एड रॉबर्ट्स नावाच्या मुलाला चौदाव्या वर्षी पोलिओ झाला. मानेखालचं शरीर निकामी, रात्री श्वासासाठी लोखंडी फुफ्फुस नावाच्या भल्यामोठ्या यंत्रात झोपायचं. १९६२ साली त्याला बर्कलीत प्रवेश मिळाला, पण त्या यंत्राचं वजन पेलेल असं वसतिगृहच नव्हतं. विद्यार्थी आरोग्य सेवेचे प्रमुख डॉ. हेन्री ब्रुइन म्हणाले, आमच्या इस्पितळात राहा. राहिला. त्याच्यामागून तशीच आणखी मुलं आली, सगळी व्हीलचेअरवरची. त्यांनी स्वतःला 'रोलिंग क्वॉड्स' असं नाव दिलं आणि रस्त्याच्या कडा उतरत्या करण्यापासून स्वतंत्र राहण्याच्या हक्कापर्यंत सगळ्यासाठी भांडायला लागली. १९७२ साली बर्कलीत 'सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग' निघालं, ते या चळवळीतूनच. हा मुलगा नोकरीच्या लायकीचा नाही, असा शेरा राज्याच्या ज्या पुनर्वसन खात्यानं मारला होता, त्याच खात्याचा प्रमुख म्हणून १९७५ मध्ये रॉबर्ट्सची नेमणूक झाली. सर्दी-पडशासाठी काढलेल्या दवाखान्याच्या मजल्यावरून केवढं काय निघालं बघ. दवाखान्याचा खर्च मांडताना 'रोज किती रुग्ण' एवढाच रकाना असतो, आणि त्यात हे कुठेच बसत नाही.

असो. आता मूळ भानगड. कॅलिफोर्नियानं १९६० साली उच्च शिक्षणाचा 'मास्टर प्लॅन' केला. राज्यातल्या मुलांकडून ट्यूशन घ्यायची नाही, असं त्यात ठासून म्हटलेलं. पण जोडीला एक पळवाटही ठेवली: शिकवण्याशी थेट संबंध नसलेल्या गोष्टींसाठी शुल्क घ्यायला हरकत नाही. त्या गोष्टी कुठल्या? आरोग्य, खेळाच्या स्पर्धा, विद्यार्थ्यांचे उपक्रम वगैरे. म्हणजे डॉक्टर आणि फुटबॉल एका पंगतीला! ट्यूशन न घेण्याचं ते वचन पुढे हवेत विरलंच, पण आरोग्य त्या 'वगैरे'च्या पंगतीत बसलं ते कायमचं.

आणि इथेच मला तू कॉलेजात प्रवेशाच्या खिडकीवर बसतेस तिथे आलेल्या त्या काकांची आठवण आली. 'मॅडम, मुलींची फी सरकारनं माफ केली ना, मग हे कसलं शुल्क?' त्यांचं काही चुकत नव्हतं गं. २०२४ च्या जुलैमध्ये महाराष्ट्र सरकारनं व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिकणाऱ्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतल्या घरांतल्या मुलींसाठी जी माफी जाहीर केली ती शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची. बातमीत मथळा आला 'मुलींना मोफत शिक्षण'. पावतीवर 'इतर' नावाचा रकाना होता तसाच राहिला. दोन्हीकडे तऱ्हा तीच: सरकारनं वरची ओळ पुसल्याचा डंका पिटायचा आणि खालच्या ओळींकडे काणाडोळा करायचा. तुमच्याकडे निदान विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांसाठी शुल्क नियामक प्राधिकरण आहे आणि मंजूर शुल्क त्यांच्या संकेतस्थळावर बघता येतं. काकांना ते बघायला सांग. तू सांगितलंस हे मात्र कुणाला सांगू नका म्हणावं, तुला पुढच्या सत्राच्या तासिका मिळायच्या आहेत अजून.

आता शुल्क वाढवायची वेळ का आली, ते सांगते. दवाखान्याचा खर्च म्हणजे मुख्यतः माणसांचे पगार. डॉक्टर, नर्स, समुपदेशक बाहेरच्या बाजारात जे कमावतील त्याच्या आसपास दिलं नाही, तर ते टिकत नाहीत. त्यात समुपदेशनाची मागणी अफाट वाढली आहे. विद्यापीठांच्या समुपदेशन केंद्रांना मान्यता देणारी इथली संस्था म्हणते, दर हजार ते दीड हजार विद्यार्थ्यांमागे एक पूर्णवेळ समुपदेशक असावा. तीस हजार विद्यार्थी असले तर तू हिशेब कर. आणि सरकार? सरकार हुकूम देण्यात पटाईत. २०१९ साली कॅलिफोर्नियानं कायदा केला की १ जानेवारी २०२३ पासून सरकारी विद्यापीठांच्या दवाखान्यांत गोळ्यांनी करायच्या गर्भपाताची सोय असलीच पाहिजे. कायदा चांगला, मी तर टाळ्या वाजवल्या. पण सुरुवातीच्या खर्चासाठी राज्याच्या तिजोरीला हात न लावता खासगी देणग्या गोळा करायच्या, अशी तरतूद त्यातच होती. सुरुवात देणगीतून झाली, तरी रोजचं चालवायचं कुणी? फिरून फिरून भोपळे चौकात.

एक गमतीची गोष्ट सांगते. इथल्या कम्युनिटी कॉलेजांत, म्हणजे आपल्या तालुक्याच्या कॉलेजांचे भाऊबंदच म्हण, आरोग्य शुल्काची कमाल मर्यादा कायद्यानं ठरलेली आहे. महागाईचं गणित करून एक अख्खा डॉलर भरला की मगच ती एका डॉलरनं वाढते. आणि त्याच कायद्यात सूट कुणाला? जे केवळ प्रार्थनेनं आजार बरे होतात असं मानणाऱ्या पंथाचे आहेत, त्यांना! आपल्याकडे ही तरतूद आणली तर पंढरपूरच्या वारीला जाऊन आलेला प्रत्येक जण अर्ज घेऊन उभा राहील.

इथल्या वादात दोन्ही बाजूंना दम आहे. माझ्या वर्गात एक मुलगा आहे, रात्री गोदामात काम करतो आणि सकाळी आठला वर्गात येतो. तो म्हणाला, 'वाढ एका जेवणाइतकीच आहे म्हणता, पण ते जेवण माझं आहे.' यावर काय बोलणार? यावर कॅलिफोर्निया विद्यापीठाचा एक उतारा आहे. अशा शुल्कातला किमान चौथा हिस्सा गरजू विद्यार्थ्यांच्या मदतीसाठी बाजूला काढावा लागतो. चांगलाच नियम. पण याचा अर्थ असाही होतो की दवाखान्याला एक रुपया हवा असेल तर मुलांकडून सव्वा रुपयाहून जास्त मागावा लागतो. गरिबाची सोय करायची तीही श्रीमंतांवर कर लावून नव्हे, तर थोड्या कमी गरीब पोरांच्या खिशातून.

दुसरी बाजू एका मुलीनं मांडली. तिचं घर लॉस एंजेलिसच्या पलीकडे, आणि तिला मेडि-कॅल आहे, म्हणजे गरिबांसाठीची सरकारी योजना. योजना उत्तम, पण डॉक्टरांचं जाळं राहत्या काउंटीशी बांधलेलं. इथे शेकडो मैलांवर आल्यावर तिच्या कार्डावर उपचार मिळतात ते मुख्यतः जिवावरचं काही झालं तरच. बाकी ताप, गळू, लघवीची जळजळ, परीक्षेच्या आदल्या रात्री येणारी ती छातीतली धडधड, या सगळ्यासाठी तिला दार एकच: आवारातला दवाखाना. तिथले डॉक्टर कमी झाले तर आईबापांच्या विम्यावरचा मुलगा गावातल्या दुसऱ्या डॉक्टरकडे जाईल. ती कुठे जाईल?

विम्याच्या बाबतीत इथल्या मुलांना एकदा चांगलाच धडा मिळालेला आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विद्यार्थी विम्यात आयुष्यभरासाठी चार लाख डॉलरची मर्यादा होती. तुला वाटेल, बापरे, केवढी रक्कम! कॅन्सर झालेल्या पोराला इथे ती हा हा म्हणता संपते. देशाच्या त्या २०१० च्या कायद्यानं अशा मर्यादा बंद केल्या होत्या, पण विद्यापीठ स्वतःच विमा चालवत असल्यामुळे त्यातून सुटलं होतं. विद्यार्थ्यांनी आवाज उठवला आणि २०१३ मध्ये मर्यादा गेली. त्याच सुमारास त्या योजनेत कोट्यवधी डॉलरची तूट असल्याचंही उघड झालं. मर्यादा काढा म्हणणारेही विद्यार्थी, आणि शेवटी वाढलेले हप्ते भरणारेही विद्यार्थीच.

हे सगळं मला पटण्यासारखं आहे, बये. घोडं अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. सार्वमताचा मजकूर मी बैठक मारून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. वाचणारे फार नसतील, कारण तो अगदी आपल्या जीआरच्या भाषेत आहे. शुल्क पुढच्या शरद ऋतूपासून लागू. दर वर्षी महागाईनुसार वाढ, नव्यानं न विचारता. आणि शेवटची तारीख? कुठेच नाही.

म्हणजे असं की आज मत देणाऱ्यांतले शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी जूनमध्ये पदवी घेऊन जातील आणि एक सेंटही भरणार नाहीत. प्रबंध वेळेवर झाला तर मीही वाढीव शुल्क फार तर वर्षभर भरीन. जे दहा-दहा, वीस-वीस वर्षं भरणार आहेत ते आज शाळेत आहेत, काही तर पाळण्यात आहेत. आमच्याकडे अशा मतदानाला निदान पाचवा हिस्सा विद्यार्थ्यांनी भाग घ्यावा लागतो. म्हणजे पाचातल्या एकानं मत द्यायचं, त्यातल्या निम्म्याहून जरा जास्त जणांनी 'हो' म्हणायचं, आणि न जन्मलेल्याच्या बिलावर ओळ छापली जायची. सरकार मात्र मजेत! कारण आता कुणी विचारलं की आरोग्याचा खर्च पोरांवर का टाकलात, तर उत्तर तयार: 'त्यांनीच मत दिलंय की.' विद्यार्थ्यांना विचारलं जातं 'किती द्याल?', पण 'कुणी द्यावं?' हा प्रश्न मतपत्रिकेवर कधीच नसतो.

तरीही मी 'हो' म्हणणार आहे. भावनेच्या भरात नव्हे. शुल्क पुढच्या सार्वमतात कमी करता येतं, मुदत घालता येते, रद्दही करता येतं. पण दोन वर्षं पगार न वाढलेला चांगला समुपदेशक एकदा गेला की गेला. तो परत यायला नवीन जाहिरात, नवीन मुलाखती आणि नवीन वर्ष उजाडतं. तोवर मेडि-कॅलवाल्या मुलीच्या परीक्षा थांबत नाहीत. 'नाही'ची किंमत तिला लगेच मोजावी लागेल आणि 'हो'मधली चूक दुरुस्त करायला आपल्या हातात वेळ आहे. म्हणून 'हो'.

पण नुसतं 'हो' म्हणून गप्प बसणार नाही. विद्यार्थ्यांच्या शुल्कावर सल्ला देणारी एक समिती असते, त्यात विद्यार्थीही असतात. आम्ही काही जणांनी तिला पत्र लिहिलं आहे. मागण्या तीन. एक, दर पाच वर्षांनी हे शुल्क पुन्हा मताला टाका, म्हणजे भरणाऱ्यांनाही आयुष्यात एकदा तरी बोलता येईल. दोन, दरवर्षी साध्या भाषेत हिशेब लावा: किती आले, किती पगारावर गेले, भेटीसाठी सरासरी किती दिवस थांबावं लागलं. तीन, या शुल्काच्या नावाखाली दवाखान्याला आधीपासून मिळणारा दुसरा पैसा काढून घेणार नाही, असं लेखी द्या. ही तिसरी मागणी सगळ्यात महत्त्वाची. नाहीतर वर्गणी वाढते, मांडव तेवढाच राहतो आणि पैसे कुठे गेले ते कार्यकर्त्यांनाच ठाऊक.

गोदामात काम करणाऱ्या त्या मुलाला मी हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, 'तिसरी मागणी लेखी मिळाली तर मी "हो" म्हणीन, नाहीतर "नाही".' माझ्यापेक्षा तो जास्त शहाणा आहे असं मला वाटू लागलंय. तुझं मत कळव. तू रोज पावत्या फाडतेस, तुला यातलं माझ्याहून जास्त कळतं.

आणि ते थायरॉइडचं रक्त अजून तपासलेलं नाहीस, हे मला तुझ्या आवाजावरूनच कळतं. तासिकावाल्यांना कॉलेज विमा देत नाही हे मान्य, पण सरकारी दवाखान्यात सकाळी जाऊन ये, एक दिवस खिडकी दुसरं कुणी सांभाळेल. सार्वमताचा निकाल लागला की लिहीन. जिंकलो तर चार ओळी, आणि हरलो तर याच्या दुप्पट पत्र, तेव्हा काय मागायचं ते देवाकडे विचार करून माग.

तुझीच,
मी